बाहेरच्या पंखातलं वजन

मामंजी,

आज पार्सल आलं. पुठ्ठ्याचा खोका एक, कडा कुरतडल्यासारख्या, झाकणावर लाल विमानाचं चित्र आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेली शिलिंगांतली जुनी किंमत. आत बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या सात, त्यांतली एक मधोमध तडकलेली. घड्या घातलेला नकाशा एक. पंखांवर चिकटवायचा पातळ कागद दोन ताव, पिवळा पडलेला. पोलादी तारेच्या गुंडाळ्या दोन, लाकडी मूठ एक, रबरी चाकं दोन, आणि एका लहानशा पाकिटात शिशाचा तुकडा एक. इंजिन नाही, ते वेगळं येणार आहे. जकात एकशे बारा रुपये. पोस्टमनला पाच, तेही त्यानं तोंड वाकडं करून घेतले. सुतळी चांगली होती, ती सोडवून गुंडाळून ठेवली. वरची चिकटपट्टी दोनदा लावलेली दिसते, म्हणजे वाटेत कुणीतरी उघडून पाहिलंय. सगळं नकाशावरच्या यादीशी ताडून पाहिलं. काही गेलेलं नाही. तरी मनात राहतंच.

पाठवलंय तुमच्या नातवानं. तुम्ही गेलात तेव्हा तो माझ्या पोटात होता, त्यामुळे तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. आता विलायतेत नोकरीला आहे, चाळिशीकडे झुकलाय. लहानपणी जेवायला कंटाळा करायचा तेव्हा मी त्याला तुमच्या विमानाची गोष्ट सांगायची. खोक्यात चिठ्ठी आहे. 'आई, आजोबांचं विमान ज्या खोक्यातून निघालं तसाच हा खोका एका म्हाताऱ्याच्या दुकानात पडून होता. दुर्गापूजेला सुट्टी काढून येतो, तेव्हा आपण दोघं मिळून बांधू. नकाशा वाचताना आजोबांची चूक सापडली असं वाटतं. बाहेरच्या पंखाच्या टोकात वजन घालायचं असतं. ते विसरले असणार. तुला काही आठवतं का? लगेच कळव, म्हणजे बांधताना तीच चूक नको.'

विसरले असणार! जन्मभर रेल्वेच्या कारखान्यात नकाशे काढलेले तुम्ही. शाईची रेघ केसभर सरकली तर अख्खा ताव फाडणारे तुम्ही. ते वाक्य वाचलं आणि चिठ्ठी पालथी करून ठेवली. त्याला उत्तर लिहायला बसले तर हात चालेना. म्हणून आधी तुम्हाला लिहिते आहे.

सासूबाई गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी तुम्ही नागपूर सोडून आमच्याकडे कलकत्त्याला आलात. आम्ही तेव्हा बेहाल्याला, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि व्हरांडा. खाली घरमालकीण मासीमा, तिच्या चुलीवरच्या माशांचा वास आणि माझं सोवळं यांचं रोज सकाळी भांडण. हे गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत. तुमच्याबरोबर एक ट्रंक होती, नकाशाच्या हत्यारांची पेटी होती आणि एक चांदीची डबी. डबी तुम्ही स्वतः माझ्या देवघरात नेऊन ठेवलीत. तिच्यात सासूबाईंची जोडवी होती. त्या सवाष्ण गेल्या, अंगावरचं सगळं त्यांच्याबरोबर गेलं. जोडवी तेवढी आजारपणात पाय सुजले म्हणून आधीच काढलेली होती, ती राहिली. काढली होती मीच, साबण लावून, हळूहळू फिरवत. त्या म्हणाल्या होत्या, "ठेव तुझ्याकडे." त्या क्षणापुरतं म्हणाल्या की कायमचं, हे मी विचारलं नाही. पण मनात धरून बसले होते.

पहिले चार महिने तुम्ही व्हरांड्यात बसून असायचात. मग पावसाळा लागता लागता दुपारची ट्राम धरून खिदिरपूरला जायला लागलात. विचारलं तर म्हणायचात, "पाय मोकळे करून येतो." पाय मोकळे करायला ट्राम कशाला लागते, हे मॅट्रिक झालेल्या बाईला कळणार नाही असं तुम्हाला वाटलं का? संध्याकाळी परत यायचात तेव्हा कोटाला वास यायचा. पहिल्या दिवशी मी तो खुंटीवर लावताना ओळखला. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी इस्पितळाच्या जिन्यात असायचा तोच वास, ईथरचा. दुसऱ्या आठवड्यात त्यात पिकल्या केळ्यांचा वास मिसळला. घरात केळी नव्हती. मग औषधाच्या फळीवरची एरंडेलाची बाटली अर्धी झाली. घरात एरंडेल कुणी घेतलं नव्हतं. मग तुमच्या मधल्या बोटाला चिंधी दिसली. जपाच्या माळेचा मणी त्याच बोटावरून सरकतो, म्हणून तुम्ही जप बंद केलात. बोटाला काय झालं म्हणून विचारलं, तर "ट्रामच्या दारात सापडलं." आठ दिवसांनी तेच बोट पुन्हा ताजं कापलेलं. ट्रामचं दार एकाच बोटावर डूख धरून बसलं होतं का?

मी एक एक जुळवत गेले. आधी वाटलं, तुम्हाला काही दुखणं आहे आणि ते तुम्ही लपवताय. मग मासीमानं दुसरंच डोक्यात घातलं. ती जिन्यात गाठून म्हणाली, "बौमा, तुझा सासरा रोज खिदिरपूरला काय करतो ग? गोदीचा भाग आहे तो. तिथं खलाशी जातात ते पाय मोकळे करायला नाही." मी तिला म्हटलं, "आमच्याकडे तसलं काही नसतं." वर आले आणि तुमच्या कोटाचे खिसे पाहिले. दाढीचं एक पातं, टाचण्या, आणि नखाएवढ्या पांढऱ्या लाकडाच्या चिपा. यांना सांगितलं, तर हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "तुला ना, कुठल्या तरी खात्यात तपासनीस करायला हवं होतं. बाबा साठीला आलेत. त्यांना सुखानं ट्राममध्ये बसू दे."

मग अविधवा नवमी आली. सवाष्ण जेवायला बोलावली होती, आमच्यासारखीच बदलीवर आलेली, ट्रामनं तासभर प्रवास करून यायची होती. पान वाढायच्या आधी त्याच्याशेजारी सासूबाईंची जोडवी ठेवायची म्हणून मी डबी उघडली. आत हळदकुंकू होतं. जोडवी नव्हती. कुंकवात दोन गोल खुणा तेवढ्या उमटलेल्या होत्या.

तुम्ही पाटावर बसला होतात. मी तिथंच विचारलं. "मामंजी, डबी रिकामी कशी?"

तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "आहेत. सुरक्षित आहेत. वेळ आली की दाखवतो."

"आज नवमी आहे. आजची वेळ नाही तर कधीची?"

"सूनबाई, पान वाढ. तिला भूक सहन होत नसे."

तेवढंच. सवाष्ण जेवली, विडा घेऊन गेली, आणि मी दारामागे उभी राहून रडले. दुःखानं नव्हे, रागानं. माझ्या देवघरातली वस्तू तुम्ही मला न विचारता उचललीत, हा राग. आणि त्याच्याखाली दुसरा राग, की ती माझी व्हायची होती. खिदिरपुरातल्या कुणाच्या पायात ती आहेत याचं चित्रसुद्धा मी मनात काढून ठेवलं होतं. बाई कशी दिसते, नाकात काय घालते, सगळं. देवाचं नाव घेणारी मी, पण त्या दिवशी जपाला बसले की तीच डोळ्यांसमोर यायची.

दुसऱ्या दिवशी तुमच्याच ट्रामच्या मागच्या डब्यातून मी आले. बायकांच्या बाकावर, डोक्यावर पदर घेऊन. गोदीच्या रस्त्यावर दोरखंडाच्या आणि डांबराच्या दुकानांतून तुमची काळी टोपी दिसत होती, तिच्यावर नजर ठेवून चालले. तुम्ही एका पत्र्याच्या शेडमध्ये शिरलात. मी बाहेर उभी. आतून आवाज आला, मधमाश्यांचं पोळं कुणीतरी डब्यात घालून हलवावं तसा, आणि तोच वास, ईथर, एरंडेल आणि धूर. मग आवाज बंद आणि तुमचं हसणं. सासूबाई गेल्यापासून ते मी ऐकलं नव्हतं. दार ढकललं. एक म्हातारा मिस्त्री, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, लुंगीवर उभा. समोर चिमट्यात धरलेलं अक्रोडाएवढं इंजिन, त्याला लाकडी पंखा. आणि बाकावर सांगाड्याचं विमान, हातभर पंखांचं, आतल्या फासळ्या उघड्या, जेवणाच्या पानावर ठेवलेल्या सुकलेल्या पापडासारखं हलकं. ते इंजिन सुरू करायला तुम्ही बोटानं पंख्याला टिचकी मारत होतात. बोटाचा उलगडा झाला. ईथर, रॉकेल आणि एरंडेल समभाग, हे त्या इंजिनाचं जेवण. फळीवरच्या बाटलीचाही झाला. केळ्यांचा वास फासळ्या जोडायच्या रोगणाचा होता.

मिस्त्री मला पाहून हात पुसत म्हणाला, "आइए मा, आइए. बाबू का जहाज देखिए."

तुम्ही शाळेत पकडल्यासारखे उभे. "सूनबाई? तू इथे?"

"पाय मोकळे करायला आले," मी म्हटलं.

मिस्त्रीला मराठी कळत नव्हतं, पण तो सगळ्यात मोठ्यानं हसला. एका बोटीवरच्या साहेबानं त्याला मजुरीऐवजी तो खोका दिला होता, इंजिन आत होतं, पण नकाशा वाचता येईना. ट्रामच्या थांब्यावर तुम्ही त्याला तो वाचून दाखवलात आणि तिथून हे सुरू झालं. विमान मोकळं उडत नाही, तुम्ही मला समजावून सांगितलंत. दोन पोलादी तारा, त्यांचं टोक माणसाच्या मुठीत. माणूस मध्ये उभा राहून फिरतो आणि विमान त्याच्याभोवती. मूठ वर केली की ते चढतं, खाली केली की उतरतं. मी पाहिलं, शेपटीवरचं उभं पातं वाकडं बसवलेलं होतं. म्हटलं, "हे तिरकं झालंय." तुम्ही म्हणालात, "मुद्दाम आहे ते. त्यानं नाक सतत बाहेरच्या बाजूला जायला बघायला हवं. बाहेर ओढ असली तरच तारा ताठ राहतात. तारा सैल पडल्या की मुठीचं काही चालत नाही." मी विचारलं, कुठल्या दिशेनं फिरतं? तुम्ही बोट फिरवून दाखवलंत. डावीकडून. "म्हणजे उलटी प्रदक्षिणा," मी म्हटलं. "बरोबर आहे," तुम्ही म्हणालात. "मध्ये देव थोडाच उभा आहे!"

त्या दिवशी मी तुम्हाला जोडव्यांबद्दल विचारलं नाही. शेडमध्ये बाई नव्हती. पण जोडवीही नव्हती. मी सगळीकडे नजर फिरवून घेतली होती.

गुपित फुटल्यावर विमान बेहाल्याला आलं, ट्राममध्ये तुमच्या मांडीवर बसून. पंखांवर चिकटवायच्या कागदाला कसर लागली होती. एका सकाळी पूजा आटपून तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात, हातात तुमचा जुना मुकटा. वडिलांच्या वेळचा, विटका, पण अस्सल रेशमी. "कात्री देतेस?"

"मामंजी, सोवळं आहे ते!"

"तीस वर्षं नेसलोय, विरलंय. नदीत सोडण्यापेक्षा वर सोडू."

मी कात्री दिली नाही. तुम्ही दाढीच्या पात्यानं कापलंत. व्हरांड्यात दोन दिवस ते काम चाललं. रेशीम ओलं करून फासळ्यांवर ताणायचं आणि वर केळ्याच्या वासाचं ते रोगण द्यायचं. वाळलं की टिचकी मारल्यावर डफासारखं वाजायचं. मी आधी लांबून बघितलं, मग तुमच्या एका हातानं कोपरा धरून ठेवायला जमेना म्हणून मी धरला. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला माझ्यासाठी म्हणून टाचण्यांची एक उशी दिलीत, उरलेल्या बाल्सावर मुकट्याचा तुकडा चढवून केलेली. ती अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. मोलकरीण केर काढायला आली की तुम्ही ओरडायचात, "लांब हो ग! विमान सोवळ्यात आहे!" मासीमानं खालून विचारलं, "बुढो बाबू आता देवाला उडवणार का?" तुम्ही कठड्यावरून वाकून म्हणालात, "देवाला नाही, मासीमा. देवीला." मला तो तुमचा विनोद वाटला.

विमान दसऱ्याला मैदानावर उडवायचं ठरलं होतं; आदल्या दिवशी तुम्ही मिस्त्रीला ते सांगायला गेलात. मी विमान कोपऱ्यातून उचलून स्टुलावर ठेवायला गेले, तर ते उजवीकडे कललं. पुन्हा सरळ धरलं, पुन्हा कललं. तुमच्या हातचं काम एका बाजूला जड कसं? मी उजव्या पंखाच्या टोकावरून बोट फिरवलं. रेशमाखाली दोन गोल कडा लागल्या. कुंकवातल्या खुणांएवढ्याच.

मी तिथंच जमिनीवर बसले. मला काय वाटलं ते आज लिहिते. मला वाटलं, तुम्ही ती माझ्यापासून लपवलीत. घरातली सगळी कुलपं माझ्या हातात, म्हणून जिच्या आत मी हात घालणार नाही अशी एकच जागा शोधलीत, सोवळ्यातलं विमान. मी तुमच्यावर संशय घेत होते, त्या सगळ्या दिवसांत तुम्हीही माझ्यावर घेत होतात तर! आणि उद्या मैदानावर चार लोकांसमोर गेलेल्या बाईची जोडवी हवेत भिरकवायची, पडली-हरवली तर? हे मी मागाहून घातलेलं कारण होतं. आधी आलं ते पहिलंच.

मी आंघोळ केली. मामंजी, हसाल तुम्ही. विमान सोवळ्यात होतं म्हणून मी आंघोळ करून, सोवळं नेसून ते कापलं. फासळीच्या कडेकडेनं पात्यानं दोन बोटं रेशीम चिरलं, चिमट्यानं जोडवी काढली. कागदाच्या बोळ्यात ती चिकटवून घट्ट बसवलेली होती. चीर रेशमाच्या धाग्यानं रफू केली, वर तुमचंच रोगण दिलं. उजेडाकडे धरून पाहिलं. दिसत नव्हती. माझं रफूचं काम चांगलं होतं. जोडवी कनवटीला लावली. शिसं, वजन, यांतलं मला काही ठाऊक नव्हतं. नकाशा इंग्रजीत होता आणि माझं इंग्रजी मॅट्रिकचं, तरी ते वाचता आलं असतं. वाचलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी आपण मैदानावर. हे, तुम्ही, मी, मिस्त्री. ढाक नावाच्या ढोलांच्या आवाजात लांबून देवीची मिरवणूक चालली होती. तुम्ही धोतराचा काचा मारून मध्ये उभे, हातात मूठ. मिस्त्रीनं बोटाच्या दहा-बारा टिचक्या मारल्या, इंजिन किंचाळलं, त्यानं सोडलं. विमान गवतावरून धावलं आणि उठलं. मामंजी, काय दिसत होतं ते! तुमच्या मुकट्यातून ऊन पलीकडे जात होतं. तुम्ही टाचेवर फिरताय, टोपी पडलीय, तोंड उघडं. हे ओरडले, "बाबा, शाब्बास!" एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला ते वाऱ्याकडच्या बाजूला चढलं, आणि मी पाहिलं, तारा झुलल्या. तुम्ही धावत मागे सरकलात, मूठ ओढलीत, पण ओढीला पलीकडे काही नव्हतं. ते आत वळलं, तुमच्याच डोक्यावर आलं. तुम्ही बसलात. मागे लाकूड मोडल्याचा आवाज.

माणूस आधी इंजिन बघेल, चाकं बघेल. तुम्ही सरळ उजव्या पंखाकडे गेलात. त्याचं टोक फुटलं होतं. त्यात बोटं घातलीत. मग गुडघ्यांवर आलात आणि गवतात हात फिरवायला लागलात.

"बाबा, काय पडलं?" यांनी विचारलं.

"जोडवी आहेत तिची. दोन. पंखात वजन लागतं बाहेरच्या, तारा ताठ राहायला. खोक्यात शिसं होतं. मी म्हटलं, शिसं कशाला, हिनं जन्मभर माझा तोल सांभाळला, आणखी एकदा सांभाळील. वरून आली की सूनबाईच्या हातात द्यायची होती. दसऱ्याची." आणि माझ्याकडे वर बघून, "सूनबाई, तुझे डोळे चांगले आहेत. जरा बघ ना ग."

मी बसले. तुमच्या शेजारी गुडघ्यांवर बसून मी गवत चाचपलं. वाकताना जोडवी कनवटीत पोटाला रुतत होती. ऊन चढेपर्यंत आपण शोधलं. हे शोधत होते, मिस्त्री शोधत होता. एकदा तो "मिला!" म्हणून ओरडला आणि माझा हात कनवटीला गेला, तर बाटलीचं टोपण होतं. एका वाक्यानं सगळं संपलं असतं. ते वाक्य मी तोंडात धरलं आणि दर क्षणाला ते अधिक जड होत गेलं. घरी येताना ट्राममध्ये तुम्ही यांना म्हणालात, "माझंच चुकलं. टोक नीट चिकटवलं नसणार. फिरण्याच्या जोरानं वजन निसटलं असेल."

त्यानंतर महिना-दीड महिना तुम्ही रोज सकाळी मैदानावर जात होतात. हातात छत्री, तिच्या टोकानं गवत बाजूला करायचं. विमान पुन्हा बांधलं नाहीत. आणि एक दिवस, हे कचेरीत गेल्यावर, मी तुमच्या कोटाचं कोपर रफू करून आणून दिलं. तुम्ही तो उजेडाकडे धरलात. बराच वेळ अंगठा त्या जागेवरून फिरवलात. म्हणालात, "छान रफू करतेस, सूनबाई. कुठे फाटलं होतं ते कळतसुद्धा नाही." मोडलेला पंख तेव्हा तुमच्या ट्रंकेवर होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि पाण्याचा हंडा भरलेला असताना पुन्हा भरत बसले.

तुम्हाला कळलं होतं का? पस्तीसएक वर्षं मी दोन्ही बाजूंनी जुळवून पाहते आहे. कळलं होतं, तर त्यानंतरही चार दिवस तुम्ही मैदानावर का गेलात? मला लाज वाटू नये म्हणून? की मी सांगेन म्हणून वाट बघत? आणि कळलं नव्हतं, तर नेमकं त्याच दिवशी रफू कुठून आलं तोंडात? माघात थंडी छातीत भरून तुम्ही गेलात. शेवटच्या रात्री तुमच्या पायांना मी सुंठ चोळत होते, तेव्हाही सांगता आलं असतं. तुम्ही एकदा डोळे उघडलेत, म्हणालात, "पुरे, दमलीस." त्यावरही मी संशयच घेतला.

पुढं मी अविधवा नवमी केली नाही. तुम्ही गेल्यावर ती करायची नसते. अस्थींबरोबर जोडवी गंगेत सोडायची ठरवून घाटावर नेली होती, कनवटीलाच. तशीच परत आणली. नदीत टाकली असती तर माझ्याकडे पुरावा उरला नसता, आणि तेच मला नको वाटलं. मघाशी ती आणि खोक्यातला शिशाचा तुकडा घेऊन कोपऱ्यावरच्या सोनाराकडे गेले. आता या गल्लीत मासीमा मीच. तो म्हणाला, "मासीमा, शिसं कुणी तोलायला आणतं का?" म्हटलं, "तोल तर खरं." काट्याच्या एका पारड्यात शिसं, दुसऱ्यात जोडवी. दोन गुंजांचा फरक. तुमचं चुकलं नव्हतं, मामंजी. दोन गुंजांपलीकडे काहीसुद्धा चुकलं नव्हतं.

तुमच्या नातवासाठी विलायतेला जाणारं निळं हवाई पत्र समोर आहे. त्यावर लिहिलंय: 'आजोबा वजन घालायला विसरले नव्हते. त्यांनी ते बरोबर घातलं होतं.' पुढचं वाक्य लिहायचं राहिलंय. ते नाही लिहिलं तर तो विचारणारच, मग गेलं कुठे? तो माझ्यावर गेलाय.

आणखी एक राहिलं. तुम्ही गेल्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी घरात कुणी नसताना, मी ती एकदा घालून पाहिली. तुम्ही द्यायची ठरवली होती ती, तशी. बोटांत घट्ट झाली. काढायला साबण लागला.

टपाल साडेचारला निघतं. तुम्हाला कळलं होतं की नव्हतं, तेवढं, एका शब्दात चालेल, उलट टपाली कळवावं.